साखर ती साखर नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. पावाच्या खमिरात, म्हणजे यीस्टमध्ये, जनुकं कशी चालू-बंद होतात यावर आपल्याकडची एक मुलगी पीएच.डी. करते आहे, हे कळल्यावर ते चिडले होते. इकडे कापूसवाला शेतकरी गळफास घेतोय आणि तिकडे सरकारी पैशानं खमीर फुगवणं चाललंय, असा एकूण सूर. शेवटी त्यांनी विचारलं होतं, खमीर शिकायला बेकरी पुरेशी नाही का?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी मीही तोच विचारला होता. फरक इतकाच की मी 'बेकरी'ऐवजी 'डबलरोटीचं दुकान' म्हणाले होते. आमच्या पिढीचे नागपूरकर पावाला डबलरोटीच म्हणत वाढले.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात 31 वर्षं नोकरी केली. आधी प्रयोगशाळा परिचर, मग सहायक. मी शास्त्रज्ञ नाही, माझी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटली ती सुटलीच. काचसामान धुणं, मीडिया (सूक्ष्मजीव वाढवायचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्ह लावणं, प्लेटा ओतणं हे माझं काम. ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचा मोठा भाऊ. 15 पौंडांचा दाब, 121 अंश, वीस मिनिटं. त्यातून काढलेला अगार, म्हणजे जेलीसारखा गोठणारा मीडिया, हाताला सोसेल इतका निवला की बर्नरजवळ बसून प्लेटमध्ये ओतायचा, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. हे मला अजून झोपेत जमेल. पण आपण ओततो त्यात नेमकं काय होतं, ते मला पहिली कित्येक वर्षं माहीत नव्हतं. माझ्या हातून चूक झाली म्हणून ते कळलं. तीच सांगते.

आमच्या विभागात तेव्हा अकोल्याकडचा एक पोरगा संशोधन करत होता. त्याच्या खमिरात एक गंमत केलेली होती. खमिराला गॅलॅक्टोज नावाची साखर दिली की ती पचवणारी काही जनुकं चालू होतात. त्यातल्या एका जनुकाचं बटण, म्हणजे प्रमोटर, घेऊन ते जिवाणूतल्या भलत्याच जनुकापुढं जोडलेलं होतं. बटण दाबलं गेलं की ते परकं जनुक एक एन्झाइम बनवतं, आणि मग ओएनपीजी नावाचं रसायन टाकलं की नळी पिवळी होते. बटण बंद असेल तर नळी पाण्यासारखी राहते.

दर सोमवारी दोन टक्के गॅलॅक्टोजचा अर्धा लिटर मीडिया बनवून ठेवायचा, असं मला सांगितलेलं होतं. म्हणजे दहा ग्रॅम साखर. एका सोमवारी बाटली तव्यावर झटकावी तशी झटकली, तरी पाच ग्रॅमच निघालं. मागणी गेलेली होती, माल आलेला नव्हता. मी विचार केला, साखर ती साखर. उरलेले पाच ग्रॅम ग्लुकोजनं भरले. दूध कमी पडलं की चहात पाणी वाढवतो, तितक्याच सहज. पुढचे दोन सोमवार मागच्या विभागातून चिमूट-चिमूट उसनं आणून तसंच निभावलं आणि वर स्वतःची पाठही थोपटली, की बाईनं काम अडू दिलं नाही.

इकडे पोरगा हैराण. चार तासांनी नळी बघायची, ती पाण्यासारखीच. ओएनपीजी जुनं झालं असेल म्हणून नवं आणलं. पीएच तपासला. स्ट्रेनच, म्हणजे खमिराचं ते वाणच, मेला असेल म्हणून फ्रीजरमधून नवा काढला. गाइडची बोलणी खाल्ली. तीन आठवडे. मग एकदाची बाटली आली आणि मी कौतुकानं म्हटलं, "चला, आता मिसळावं नाही लागणार बाप्पा."

तो थांबला. "काय मिसळलं, ताई?"

सांगितलं. तो स्टुलावर बसला, जोरात हसला, मग एकदम गप्प झाला. मला वाटलं आता तक्रार जाते माझी. त्यानं वही ओढली आणि म्हणाला, "ताई, उद्या तोच मीडिया पुन्हा बनवा. अर्धा-अर्धा. मुद्दाम."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खमीर टाकलं आणि दर तासाला थोडं काढून बघायला लागलो. क्लोरोफॉर्मचा थेंब टाकून पेशी फोडायच्या, ओएनपीजी घालायचं, ठरल्या वेळी सोडियम कार्बोनेट टाकून थांबवायचं. दहा, अकरा, बारा: पाणी. दुपारी डबा खाल्ला: पाणी. पाचला मी निघणार होते, पण पाय निघेना. घरी फोन करून सांगितलं की पोळ्या कालच्या आहेत, गरम करून घ्या. रात्री साडेनऊच्या सुमाराला नळीत झाक आली. लिंबाची फोड पाण्याच्या ग्लासात बुडवल्यावर येते तेवढीच. साडेदहाची नळी हळदीसारखी. आणि सोबत निव्वळ गॅलॅक्टोजची जी नळी ठेवली होती, ती दुपारीच पिवळी होऊन बसली होती.

मग त्यानं मला समजावलं, तेही लग्नाच्या पंगतीवरून, कारण त्याच आठवड्यात त्याच्या बहिणीचं लग्न होतं. ताटात पुरणपोळी असताना भाकरीकडे कोण बघतं? ग्लुकोज ही खमिराची पुरणपोळी, आयती. गॅलॅक्टोज पचवायचं तर आधी चार-पाच एन्झाइमं बनवावी लागतात, तो खर्च. म्हणून ग्लुकोज असेपर्यंत खमीर तो स्वयंपाकच मांडत नाही. मीडियातलं माझं ग्लुकोज संपायला रात्र झाली, तोवर बटण बंद.

आणि बटण म्हणजे काय? गॅल-4 नावाचं प्रथिन त्या जनुकांच्या अलीकडे डीएनएवर बसलेलं असतं, मांडवात सनईवाला बसावा तसं. पण गॅल-80 नावाच्या दुसऱ्या प्रथिनानं सनईच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. गॅलॅक्टोज आत आलं की ते गॅल-3 ला जाऊन मिळतं, गॅल-3 तो हात बाजूला करतं, आणि सनई सुरू. ग्लुकोज असेल तर प्रकार आणखी कडक: मिग-1 नावाचं प्रथिन सनईवाल्याचं बोलावणंच कमी करतं आणि मांडवालाही कुलूप घालतं. सनई सुरू झाली की त्या जनुकाचा आवाज सुमारे हजारपट वाढतो. हजारपट! घरात एका बटणानं इतका फरक पडणारी वस्तू मला तरी आठवत नाही.

ही गोष्ट काही काल-परवाची नाही. खमिराला गॅलॅक्टोजची 'सवय' व्हावी लागते, हे 1900 साली फ्रान्समध्ये दिएनेर यांनी लिहून ठेवलेलं आहे. सवय म्हणजे नेमकं काय, हे कळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत पी. जे. भट यांनी याच यंत्रणेवर आयुष्य घालवलं, त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत रॉजर कॉर्नबर्ग यांनी डीएनए वाचून त्याची आरएनए प्रत काढणारं यंत्र अणू-अणूनं कसं दिसतं ते दाखवलं, ते खमिरातलंच घेऊन, आणि 2006 चं नोबेल मिळवलं. (त्यांच्या वडिलांनाही 1959 साली मिळालं होतं. आमच्याकडे बापाची नोकरी मुलाला अनुकंपेवर मिळते, हे प्रकरण वेगळं.) जपानच्या ओसुमी यांनी तर खमिराला उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसले. पेशी स्वतःचेच तुकडे कसे पचवते ते त्यांना दिसलं. त्यांना 2016 साली नोबेल.

खमीरच का? पेशीला केंद्रक आहे, आपल्यासारखं. दीड तासात दुप्पट होतं. 16 गुणसूत्रं, सुमारे 6,000 जनुकं, आणि 1996 साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला, केंद्रकवाल्या सजीवांत सगळ्यात आधी. टेक्सासमधल्या संशोधकांनी 2015 साली खमिराची 400 हून अधिक अत्यावश्यक जनुकं एकेक करून काढून तिथं माणसाचं तसंच जनुक बसवलं, तर जवळपास निम्म्या वेळा खमीर जगलं. आपण आणि खमीर एकमेकांपासून दुरावलो त्याला शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली असतील, तरी सुटे भाग अजून लागू पडतात. काही बाळांना आईचं दूधच बाधतं, त्यांच्यात गॅलॅक्टोज पचवणारं एक एन्झाइम नसतं. खमिरातलं गॅल-7 ते हेच एन्झाइम.

आता कापूस. पत्रलेखकांचा खरा राग तिथला आहे आणि तो मला परका नाही. माझ्या थोरल्या भावाची हिंगणघाटकडे कोरडवाहू शेती आहे. बीटी आल्यानंतरच्या सुरुवातीच्या एका दिवाळीला तो म्हणाला होता, "बाई, बीटी पेरूनही बोंडात अळी कशी काय पडून राहिली? बियाणं नकली असन." नकलीही असेल, तेव्हा पुष्कळ होतं. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते आपल्या नागपुरातच सापडलं.

बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं विष बनवणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, आपल्याकडे 2002 साली आला. त्यातल्या जनुकापुढं फुलकोबीवर पडणाऱ्या एका विषाणूतलं बटण लावलेलं आहे. हे बटण झाडात सगळीकडे, सदोदित चालू राहावं म्हणूनच निवडलेलं. पण केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलं आणि 2005 साली छापलं, की विष पानांत भरपूर, पण फुलात, पात्यात (कळीत) आणि बोंडाच्या सालीत कमी. अळीला नेमकं जे आवडतं तिथंच कमी. शिवाय झाडाचं वय वाढेल तसं ते उतरत जातं. 110 दिवसांच्या सुमाराला अळी मरण्याइतकंही उरत नाही. भावाच्या पाकिटात जनुक होतं, ते गप्प होत चाललं होतं. (2017 नंतरची गुलाबी बोंडअळी हे निराळं प्रकरण. त्या अळीला ते विष बाधेनासंच झालं.)

खमिराच्या त्या नळीतून कापसाचं उत्तर निघालं, असा माझा दावा नाही. पण जनुक असणं वेगळं आणि ते कुठं, केव्हा, किती बोलतं हे वेगळं, ही गोष्ट ज्या मुलीनं नळीत पिवळ्या रंगानं पाहिलेली आहे, ती उद्या पऱ्हाटीच्या पात्याकडे निराळ्या नजरेनं बघेल. विदर्भाला ती मुलगी नको असेल तर कोण हवं?

पत्रलेखकांच्या नातवंडांना 'कावीळ ब'ची (हिपॅटायटिस बी) लस टोचलेली असेलच. त्या विषाणूच्या वरच्या आवरणाचं प्रथिन खमिरात बनवतात. अमेरिकेत ती 1986 साली मंजूर झाली, ती पावाच्या खमिरातली. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं 1997 साली काढली, ती पिकिया नावाच्या दुसऱ्या खमिरातली. त्या पिकियात बटण असतं मिथेनॉलचं: आधी पेशी भरपूर वाढवायच्या, मग मिथेनॉल सोडायचं, की कामाला लागतात. बेकरीत हे होत नाही.

बाकी पत्रलेखकांना एक गोष्ट मी मान्य करून टाकते. पैसा वाया जातो. पण तो खमिरावर जात नाही, हेळसांडीवर जातो. माझ्या डोळ्यांदेखत एका मे महिन्यात शनिवारी दुपारी लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला. सोमवारी उणे 80 चा फ्रीजर उघडला तर नळ्या कोमट पाण्यात तरंगत होत्या. कोणाची सहा वर्षं, कोणाची दोन. मूळ स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) संग्रहातून पुन्हा मागवता आले. इथं हातानं केलेले गेले ते गेले.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे खमिराचीही परीक्षा. त्याला 30 अंश लागतात. साधा इनक्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही, आणि एप्रिलमध्ये खोलीच 40 वर गेलेली. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर बंद पडला की मी प्लेटांचे डबे खसच्या कुलरसमोर स्टुलावर मांडून ठेवायची आणि थर्मामीटर लावून दर अर्ध्या तासानं स्टूल मागं-पुढं सरकवायची. सिअ‍ॅटलच्या हार्टवेल यांनी 23 अंशांना वाढणारे आणि 36 ला अडकणारे म्युटंट, म्हणजे जनुकात बिघाड असलेले खमिराचे वाण, गोळा करून पेशी दुप्पट कशी होते ते उलगडलं, 2001 साली नोबेल घेतलं. ते आमच्या विभागात असते तर मार्च ते जून त्यांचे सगळेच म्युटंट अडकून पडले असते.

आता माझी मागणी. पत्रलेखकांसारखा शिकलेला माणूस असा प्रश्न विचारतो, कारण त्याला कोणी ती नळी दाखवलेली नाही. आणि आजच्या बी.एस्सी.च्या पोरांनाही दाखवत नाहीत. पुष्कळ ठिकाणी 'जनुक नियमन' हे प्रॅक्टिकल म्हणजे फळ्यावरची आकृती जर्नलमध्ये उतरवायची, शेवटच्या आठवड्यात सह्या घ्यायच्या. बाहेरचा परीक्षक येतो, चहा-पोहे खातो, जर्नलचं वजन बघतो. परिचराच्या जागा भरलेल्या नाहीत, मीडिया बनवणार कोण, हे उत्तर मी स्वतः ऐकलेलं आहे आणि ते खोटंही नाही.

पण हे प्रॅक्टिकल करायला जनुक बदललेला स्ट्रेन लागत नाही, परवानगी समिती लागत नाही. साधं बेकरीतलं खमीर घ्या. ते एका चंबूत ग्लुकोजवर वाढवा, दुसऱ्या चंबूत एक-दोन दिवस गॅलॅक्टोजवर. मग दोन्हीकडच्या पेशी धुऊन, मोजून सारख्या करून, गॅलॅक्टोजच्याच दोन नळ्यांत टाका. आत डरहॅमची छोटी नळी उलटी ठेवा म्हणजे वायू वर साचलेला दिसेल. खमीर तेच, साखर तीच. गॅलॅक्टोजवर वाढलेल्या पेशींची नळी दुपारच्या डब्यापर्यंत फुगते. ग्लुकोजवर वाढलेल्यांची कितीतरी वेळ ढिम्म राहते आणि मग हळूच एक बुडबुडा चढतो. तो बुडबुडा म्हणजे सनई सुरू झाली. तिसऱ्या नळीत माझी चूक करा, अर्धं-अर्धं. तिच्यात ग्लुकोजवर बुडबुडे लवकर येतात, मग सगळं थंडावल्यासारखं होतं आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतं. पोरांना का ते ओळखायला लावा, सांगू नका.

गॅलॅक्टोजची शंभर ग्रॅमची एक बाटली. दोन टक्क्यांनी तिचा पाच लिटर मीडिया होतो, म्हणजे दहा मिलिलिटरच्या पाचशे नळ्या. एका कॉलेजची अख्खी बॅच दोनदा करून उरतील. फक्त कमी पडलं तर ग्लुकोज मिसळू नका.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळानं एवढं प्रॅक्टिकल सक्तीचं करावं आणि परीक्षेच्या दिवशी जर्नलऐवजी नळ्या मांडून ठेवायला सांगावं. ज्या महाविद्यालयात मीडिया बनवायला माणूस नाही, तिथं मी दोन दिवस येऊन बनवून देईन, पोरांना शिकवून देईन. मानधन नको. पत्रलेखक काकांनीही यावं, तिसऱ्या नळीजवळ त्यांना खुर्ची ठेवते. ऑटोक्लेव्हचं गास्केट तेवढं बदललेलं असावं. मागच्या खेपेला एका ठिकाणी गेले तर शिटी व्हायच्या आधी झाकणातूनच वाफ येत होती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
नंदनवन, नागपूर

(जुन्या महाविद्यालयातल्या माणसांना उगाच त्रास नको, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)